झाकण

नागपुरात समुद्र नाही, मान्य.
शून्य मैलाच्या खांबापाशी चार दगडी घोडे
उभे आहेत, पण कुठल्याच किनाऱ्याला निघालेले नाहीत.
तरी डिसेंबरात, पहाटे,
सोनेगावहून हवामानखात्याचा फुगा सुटून तासभर झाला
की मी मनीषनगरच्या गच्चीवर असतो,
मफलरखाली रेडिओ,
आणि जिन्यातून रजनीचा आवाज:
"काहून जी, थंडीनं मरता का?"

फाटकापलीकडच्या टपरीतून धूर निघतो,
चार हात वर चढतो
आणि तिथंच आडवा होतो,
कुणी तळहातानं दाबल्यासारखा.
वर ऊब, खाली गारठा.
हवेला झाकण बसलं.
अशा वेळी रेडिओत छिंदवाडा बोलतं,
एरवी न बोलणारं,
अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं.

हे मी इथं शिकलो नाही.
अठ्ठावीस वर्षं कोकणात वायरलेसवर होतो,
टेकडीवर उंच मनोरा, पायथ्याशी जेटी.
पाण्याला पोहायला न येणारा मी एकटाच.
मार्चची संध्याकाळ होती ती,
वारा पडलेला, समुद्र तेलासारखा.
दुपारभर तापलेली जमिनीवरची कोरडी हवा
सरकत जाऊन पाण्यावर पसरली होती,
खालची ओली, गार हवा तिच्याखाली अडकली.
क्षितिज वर उचललं गेलं होतं;
पलीकडची गलबतं हवेत तरंगत होती, उलटी.

दाऊद सोलकरची नौका बारा मैलांवर, इंजिन बंद.
मी मनोऱ्याखाली बसून बोलावत राहिलो.
खरखर.
पुन्हा खरखर.
वरिष्ठ म्हणाले, सेट गेला असेल त्याचा.
सेट गेला नव्हता.
त्याचा आवाज झाकणाखालून धावत होता
आणि आम्ही झाकणाच्या वर बसलो होतो,
सरकारी उंचीवर.

मग कोळ्यांचा एक पोरगा, नाव आठवत नाही,
हातातला सेट घेऊन पायऱ्या उतरला,
जेटीच्या शेवटच्या दगडावर, गुडघाभर पाण्यात.
तिथून वेरावळ ऐकू येत होतं!
दोन गुजराती माणसं बर्फाचा भाव सांगत होती,
आणि त्यांच्या मधोमध, शांतपणे,
दाऊद म्हणत होता:
"साहेब, दीड तास झाला. चहा तरी घ्या, मग या."

त्याला आणलं. पहाटे चारला.
मी त्याच्याशी बोललो नाही नीट,
लाज वाटली.
रिपोर्टात लिहिलं: *वातावरणीय कारणास्तव संपर्क विलंबित.*
वातावरणीय. हा शब्द बरा होता.

आता इथं समुद्र नाही, मनोरा नाही,
चौथा मजला आहे फक्त.
फुगा वर जातो, आकडे खाली पाठवतो,
झाकण किती उंचीवर आहे ते
सोनेगावातली कुणी पोरगी वहीत उतरवत असेल.
आणि खालून हाक येते, दुसऱ्यांदा,
थोडी बारीक, थोडी रागीट.
मी "हाव" म्हणतो. तिला ऐकू जात नाही.
अजून जरा मोठ्यानं म्हणावं, असं मनात येतं.
म्हणत नाही.

रेडिओ बंद करतो,
पायऱ्या उतरतो.