औटकी

गुरुवारी हात वर करायचे आहेत.
प्रश्न साधा आहे: जुन्या पद्धतीच्या कॉन्फिग फाइली वाचणारा भाग
सर्व्हरमध्ये ठेवायचा, की काढायचा.
दोन हजार एकशे चाळीस ओळी.
ज्याने लिहिल्या तो आता न्यूझीलंडला मधमाश्या पाळतो
आणि गेल्या वर्षीची तिन्ही भगदाडं
त्याच ओळींत निघाली.

ओलुफेमी म्हणतो, काढ, चार वर्षं सांगतोय.
ब्रॉन्विन विचारते, वापरतात किती, मोजलंस का?
मोजलं. अकरा.
आणि जे मोजूच देत नाहीत, ते किती?
लीड्समधल्या आमच्या खिडकीबाहेर
कालव्यावर एक बदक उलटं होऊन
तळाचं काहीतरी शोधत होतं.

अकरातला एक ग्रिम्सबीला, मासळीच्या शीतगृहात.
डॉनकास्टरला गाडी बदलून गेले.
ॲल्विन थर्लबी, वय एकोणसत्तर, निवृत्ती दोनदा पुढे ढकललेली.
त्यांनी फाइल उघडली, जसं कोणी
बटाट्याच्या पोत्याचं तोंड उघडतं, सहज.
मला वाटलं होतं, आकडे असतील.
आकडे होतेच. पण दर दोन आकड्यांमागे एक टीप:
‘दुसरा पंप खोटं बोलतो. चार मिळवा.’
‘ख्रिसमसला हे बंद. विसरलो होतो, हॅडॉक गेला.’
‘रॉयस्टनला विचारा.’ आणि त्याखाली, वेगळ्या वर्षी:
‘रॉयस्टन वारला. आता कोणाला विचारू नका, तीनच ठेवा.’

आमचं रूपांतराचं साधन ही फाइल
अर्ध्या सेकंदात नव्या साच्यात घालतं.
मी घालून दाखवली.
आकडे सगळे आले, चूक एकही नाही.
टिपा नाहीत. नव्या साच्यात टिपांना जागाच नाही.
थर्लबींनी पडदा खालीवर केला,
मग चहा विचारला.

परतीच्या गाडीत बाबांना फोन लावला.
त्यांना पावकी, निमकी, दिडकी येते, औटकीसुद्धा.
साडेतीन सत्ते? मी विचारलं.
साडेचोवीस, ते म्हणाले, माझा ‘सत्ते’ पुरा व्हायच्या आत,
आणि हे विचारायला इतक्या लांबून फोन?
औटकी कोणी रद्द नव्हती केली, बाबा?
छे. रद्द कशाला करतील.
एका जूनमध्ये नव्या मास्तरांनी शिकवली नाही, एवढंच.

एवढंच.
गाडी थॉर्नजवळ उगाच थांबली होती,
शेतात पाणी, पाण्यात विजेचे खांब.
मला ते ‘एवढंच’ नको होतं.
काढायचंच असेल तर तारीख घालून काढावं,
आधी दोन आवृत्त्या ओरडून सांगावं,
आणि काढणाऱ्याने खाली आपलं नाव लिहावं.

दोन रात्री बसले. नव्या साच्यात
टिपांसाठी एक खण केला. शहाऐंशी ओळी,
देखण्या नाहीत. ओलुफेमीने वाचल्या,
नाक मुरडलं, मान्य केल्या.

गुरुवारी माझा हात वर गेला. काढा.
ब्रॉन्विनचा गेला नाही; तिचंही बरोबर असेल.
मधमाश्यावाल्याला मी कळवलं.
त्याचं उत्तर एका शब्दाचं: अखेर.

थर्लबींनाही फोन केला. ऐकून घेतलं त्यांनी,
मागे कुठेतरी बर्फ फोडण्याचा आवाज.
मग म्हणाले, म्हणजे तुमच्या नव्या यंत्राला कळेल,
की दुसरा पंप खोटं बोलतो?

नाही, मी म्हटलं.
त्याला एवढंच कळेल, की तुम्ही तसं म्हणाला होता.

ठीक, ते म्हणाले.
आणि चारचे आता पाच करा,
या हिवाळ्यात तो जास्तच बोलतोय.