सातशे चार, भायली

केतुलभाईंनी बोट वर केलं :
"सातसो चार. आ तमारो हॉल."
तिथे नुसतं आभाळ.
खाली एरंडाचं शेत, खुंट्या, चुन्याच्या रेघा.

नमुन्याच्या फ्लॅटमध्ये उल्काने नळ सोडला.
कोरडा.
फ्रिज उघडला, आत पुठ्ठा.
तरी ओट्यापाशी थांबली,
कमरेशी उंची लावून बघत.

बाहेर आलो. उत्तरायण चार दिवसांवर.
कुणाचा तरी हिरवा पतंग
आमच्या हॉलमधून सरळ
स्वयंपाकघरात शिरला,
आणि भिंत नव्हतीच, तर शेजाऱ्यांकडे.

"पार्किंगचे वेगळे हां," केतुलभाई म्हणाले.
बोनेटवर चेक ठेवून
मी तारीख घातली.

उल्का अजून वरच बघत होती,
डोळ्यांवर हात धरून.
म्हणाली, "कपड्यांची दोरी
आतल्या बाजूला बांधू.
वारा फार आहे इथे."