रकाना सतरा

वसमतला हळद शिजत होती तेव्हा मी पोचले,
फॉर्मचा गठ्ठा, टोक केलेली पेन्सिल
आणि हजारांत एखादाच सापडणारा डावा हात
शोधत आलेली माझी घाई घेऊन.

शिवकन्या बोखारे, वय सहा.
कागदावर हात ठेव म्हटलं. ठेवला.
मधली तीन बोटं जिथं असतात
तिथं पेन्सिल कोरड्या ओढ्यात उतरावी तशी उतरली
आणि पलीकडच्या काठानं वर आली.

"गिऱ्हानात विळी धरली नव्हती म्या,"
मी काही विचारायच्या आधीच आई.
"सासूला सांगितलं, दवाखान्यात सांगितलं.
आता तुम्ही लिहा."
फॉर्मात तसा रकाना नाही.
समासात लिहिलं: धरली नव्हती.
तिनं ते दोनदा वाचून दाखवायला लावलं.

रकाना सतरा. हातानं काय करता येत नाही?
पोरगी विचारात पडली. चुलवणातला जाळ
एकदा पुढं सारून झाला.
"शिट्टी. बोटं घालून.
पण ती दादालाबी येत नाही."

मग पेन्सिल हिसकून माझाच पंजा गिरवायला बसली.
"तुमची बोटं लईच आडवी येतेत," वैतागली.

रात्री नांदेडला, स्कॅनरवर,
आकृती बेचाळीसच्या कडेला हळदीचा ठसा:
अंगठा, करंगळी, पिवळेधमक.
डाग काढू का, यंत्र विचारतं.
नको.

सतरासमोर "शिट्टी" टाईप केलं.
खोलीत कुणी नाही बघून
दोन बोटं तोंडात घातली.

नुसती हवा.