कच्चा आराखडा

क्रिस्तियानसुंदला दुपारी तीनलाच दिवे लागतात.
टेबलावर जहाज पसरलेलं,
त्यात माझ्या टाक्या अजून नुसत्या तुटक रेघा.

साडेतीनशे मीटर खाली
वायू आणि पाणी एकाच नळीतून येतात.
गारठा नि दाब जुळले की
पाणी वायूभोवती मूठ आवळतं.
बर्फच तो, पण काडी लावली तर पेटणारा.
अशी एक मूठ अडकली
की विहीर मुकी.

म्हणून ग्लायकॉल. किती? ठेवायचं कुठे?
डेक पेलतो पन्नास टन,
मला हवेत सत्तर.
खर्चाच्या अंदाजाखाली टीप:
चाळीस टक्के इकडेतिकडे.
इतकी सूट मला संसारात कुणी दिली नव्हती.

ऑडवार सोळा वर्षं त्या जहाजावर.
कागद उलटा धरतो, चष्मा कपाळावर,
आणि कॉफीनं ओल्या बोटानं
एका झडपेवर गोल काढतो:
"हिला मीठ धरतं. मार्चात. दरवर्षी.
मग हातोडीनं हळू बोलायचं तिच्याशी."

कुठल्याच अहवालात हे नव्हतं.

डाग मी पुसत नाही.
शेजारी पेन्सिलनं लिहिते:
पर्याय तीन.
इथे एक माणूस उभा राहील
एवढी जागा सोडणे.