वाऱ्याची बाही

पिंपळधऱ्याच्या धावपट्टीवर
वर्षाकाठी सात-आठ विमानं उतरतात,
वारा मात्र रोज.
त्याची बाही मी शिवतो.

सरकारी कागदात ती 'वातदर्शक'.
बिलावर मी लिहितो : बाही, केशरी-पांढरी, नग एक.
खांद्याशी घेर मोठा, मनगटाशी बारीक,
आत हात कुणाचाच नाही.
पहिल्यांदा गेलो तेव्हा चौकीदार शेषराव ढोके
खांबावरून ओरडला,
"वाऱ्याचं माप कायनं घेता, मास्तर?"
टेप गळ्यातच राहिली.
जुन्या चिंधीवरूनच बेतली.

मे महिन्यात ऊन कापड खातं.
केशरी आधी विटतं, पांढरं आधी फाटतं,
का ते इतक्या वर्षांत कळलं नाही.

पट्टी कुणी आणली म्हणून विचारा,
दर माणूस वेगळ्या मंत्र्याचं नाव सांगेल.
तिच्यावर माझी पोरगी स्कूटी शिकली.
पहाटे भरतीची पोरं धावतात,
रोही मधोमध बसून रवंथ करतात,
आणि पलीकडच्या खळ्यावरच्या बाया
तूर उफणायच्या आधी मान वळवून
बाहीकडे बघतात,
मग सूप कुठल्या अंगाला धरायचं ते ठरवतात.

एकदा एक शिकाऊ पोरगी उतरली, एकटीच.
शेषरावच्या माठातलं पाणी पिताना म्हणाली,
"वरून आधी ही दिसते, मग गाव."
मी दुकानात कुणाला सांगितलं नाही.
त्या दिवशी शटर तेवढं उशिरा ओढलं.

आता पट्टी वाढणार आहे.
बाराशे मीटरची अठराशे.
ई-क्लासची चराई तिच्यात जाईल,
नाला पाइपातून जाईल,
खंडाळ्याचा रस्ता साडेचार किलोमीटर वळसा घालून जाईल.
मोहाच्या बुंध्यावर लाल रंगात आकडा पडला :
अडथळा सतरा.
अठरा, शाळेची पाण्याची टाकी.
एकोणीस, मोबाइलचा टॉवर;
त्याला वर लाल दिवा लावला की चालतं म्हणे.

ग्रामसभेत पुष्पाबाई सलामे उठल्या.
"मोहालेबी लावा ना मंग दिवा."
लोक हसले, साहेबही हसले,
पुष्पाबाई हसल्या नाहीत.
मग टायरवाले अन्वरभाई, जे कधी बोलत नाहीत,
बसल्या जागेवरून म्हणाले,
"माझा भाऊ नागपूरले नेता नेता कोंढाळीपाशी गेला.
होऊ द्या इमान."
त्यानंतर पंख्याचाच आवाज होता.
हात वर करा म्हटल्यावर
मी माझा अर्धा केला,
कान खाजवल्यासारखा.

इंजिनिअर सज्जन माणूस. दुकानात आला,
यादी दाखवली : वातदर्शक, आतून उजेडाचा,
बाहेरून मागवायचा, नग दोन.
"तुमची आता भंगारात जाईल, मास्तर.
पण उद्घाटनाची फीत तुम्हीच द्या, सॅटिनची, पाच मीटर.
आणि ही कात्रीही द्या त्या दिवशी. वजनदार आहे."
फीत देतो म्हणालो.
कात्री मी बायकोलाही देत नाही.

मागच्या आठवड्यात शेषरावनं खांब उतरवला,
बाही माझ्या टेबलावर आणून टाकली.
पक्ष्यांची विष्ठा, धूळ, एका शिवणीत गांधीलमाशीचं घर.
दोनदा धुतली. घडी घातली.
घडी राहीना. पंखा लागला की
तोंड उघडून अर्धी उठायची,
आणि मी मशीन थांबवून बघत बसायचो.

संध्याकाळी पुष्पाबाई आल्या, ब्लाउज न्यायला.
ब्लाउज पिशवीत टाकला,
पैसे मोजून दिले, तरी जाईनात.
"मास्तर, थे जुनी देता काय?
खळ्यावर बांबूले बांधतो."

मी बाही उजेडात धरली.
बोट जाईल एवढी चार भोकं,
मनगट पूर्ण गेलेलं.
म्हटलं, अशी नका नेऊ,
रफू करून ठेवतो.
बुधवारी या.