दोन नळ्या

बोरीच्या पुलाअलीकडे गाडी खेचेना झाली.
काटा तांबड्यात नव्हता, धूर नव्हता,
नुसती रेंगाळली,
माझ्या वर्गातली पोरं सतराच्या पाढ्याला रेंगाळतात तशी.

ढवळीला इनासने पट्टी ओढून काढली, फडक्यावर टेकवली.
लाल उमटायला हवं होतं.
उमटलं ते गुलाबी, दाटसर,
जेवण संपताना वाटीत येतं तसं.
"सोलकढी," तो म्हणाला
आणि हसला नाही.

रेडिएटरच्या खालच्या टाकीत
पितळेची एक नळी असते, बोटाएवढी.
आत गिअरचं तेल, बाहेर पाणी.
एकमेकांना भेटायचं नाही,
फक्त ताप द्यायचा, ताप घ्यायचा.
बावीस वर्षं निभावलं दोघांनी.
मग कुठेतरी सुईच्या टोकाएवढं काही.

आठ दिवस गाडी काजूखाली उभी.
बॉनेटवर बोंडं पडून फुटायची,
सगळ्या गॅरेजला हुर्राकाचा वास,
आणि इनास, ज्याने सहा वर्षांपूर्वी सोडली,
नाकाला रुमाल बांधून नट सोडवायचा.

मी बसने जात होते.
पायऱ्या तीन. पहिली गुडघ्याएवढी.
कंडक्टर ओरडायचा, "चल गो, फुडें चल,"
मग खाली बघायचा आणि गप्प व्हायचा.
त्या गप्प होण्यावर चढायला
जास्त वेळ लागायचा.

नवा रेडिएटर बेळगावहून आला,
अनमोडचा घाट उतरून, गोणपाटात.
इनासने उलटा केला, सुलटा केला,
टाकीच्या कडेवरून अंगठा फिरवला.
"दोन नळ्यो खंय?"
टाकी सपाट. तोंडंच नाहीत.
हा क्लचवाल्या गाडीचा.
दुकानदार फोनवर म्हणाला,
अहो, सगळे हाच नेतात.

सगळे.

माझ्या सीटखालची चटई उजवीकडे झिजून भोक पडलेली,
डावीकडे अजून कंपनीचं नाव वाचता येतं.
इनासने ते पाहिलेलं असणार,
तेल बदलायला दर वर्षी वाकतोच तो तिथे.
आजवर एकदाही काही बोलला नाही.
आज एवढंच:
"परत धाडूया. आमचो वेगळो."
आमचो, म्हणाला.

दुसरा यायला आणखी चार दिवस.
तो बसवताना इनासने गुणोला बोलावून दाखवलं:
एक पाना तोटीला धरायचा, घट्ट, हलू द्यायचा नाही.
दुसऱ्याने नट फिरवायचा.
एकट्याच पान्याने जोर लावलास
तर नवीकोरी टाकी पिळवटते.
गुणोने मान हलवली. त्याचं लक्ष बोंडांकडे.

तेल चार वेळा घातलं, तीनदा काढलं.
पहिलं गुलाबी, दुसरं फिकट,
तिसरं नवरीच्या धुतलेल्या मेंदीसारखं.
चौथं राहिलं.
मग एप्रिलच्या भर दुपारी
काचा वर, हीटर पूर्ण चालू,
पाण्यातली हवा निघून जावी म्हणून
मी आत बसून घामाने निथळतेय
आणि बाहेरून इनास दांडा सरकवायला सांगतोय:
पी. आर. एन. डी.
प्रत्येक घरात पाचपर्यंत थांब.
उं, दोयश, त्रेश, क्वात्रु, सिंक,
बापाकडून शिकलेले आकडे,
पाढे म्हणून नव्हे, नट मोजायला.

पैसे देताना विचारलं, आता बरी ना?
त्याने हात पुसले, बराच वेळ.
"आतल्या प्लेटींवर कागद असतो, चिकटवलेला.
पाण्यान दीक सुटता.
तग धरला तर धरला, बाय."
आणि गुलाबी तेलाची एक बाटली
त्याने खिडकीत ठेवून दिली, गुणोला दाखवायला.
लेबल फेणीचंच होतं.

पुलाच्या चढावर मी रेडिओ बंद करते.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
एक हिसका यायचा, तो येतो का,
उजवा पाय ऐकत राहतो.
डावाही.