खिसणी

सिधू बोटीवरून आला तेव्हा
आटपाडीच्या स्टँडवर आम्ही चौघं उभे.
पाच वर्षं समुद्रावर लोकांच्या चादरी धुऊन
त्यानं आणली एक गिटार, चेन तुटलेल्या पिशवीत,
आणि एक शब्द, जो आईला म्हणता येईना.
बचाटा.
"बटाटा?" आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून
आमच्या घरात त्या गाण्याचं नाव तेच पडलं.

बोटीवरच्या खोलीत वरच्या फळीवर झोपायचा राफाएल,
भांडी घासणारा.
त्याचा बाप वाजवायचा, चुलते वाजवायचे,
मावशी दारात बसून गायची.
गावात लग्न असो, मयत असो, बोलावणं ह्याच घराला.
"आपल्यासारखंच की गं आक्का," सिधू सांगत होता,
"आणि वाजवून झालं की
जेवायला शेवटच्या पंगतीला. ते पण आपल्यासारखंच."

अण्णा काही बोलले नाहीत.
त्यांनी सनईची पात जिभेवर ओली केली
आणि परत डबीत ठेवून दिली.
खरसुंडीच्या जत्रेत, दिघंचीच्या वरातीत
चाळीस वर्षं फुगलेले ते गाल
आता डॉल्बीच्या ट्रॅक्टरमागं चालून चालून
आत बसले होते.

तात्या सूर धरायचे.
आमच्यात एकाला तो धरावाच लागतो,
एकच स्वर, श्वास न तोडता,
नवरा पारावरून मांडवात येईपर्यंत.
जन्मात त्यांनी अख्खं गाणं वाजवलं नाही.
ओठावर घट्टा मात्र रुपयाएवढा.

आणि मला कशालाच हात लावू दिला नव्हता.
पोरीनं फुंकलं की तोंड वाकडं होतं म्हणे.
सिधूनं फळीवरची खोबऱ्याची खिसणी उचलली,
माझ्या हातात दिली, वर एक लांब खिळा.
"तिकडं असंच असतंय, पत्र्याचं, टोचे मारलेलं.
खर, खर, खर, आणि चौथ्याला जरा दाबून."
मी एकोणचाळीस वर्षांची.
शाळेत पोरांची खिचडी शिजवते, रोज खोबरं खिसते.
हा आवाज रोज माझ्याच हातून निघत होता,
आणि मी नुसतं बोटं सांभाळत होते.

मग अंगणात, डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटवर बसून
तो गायला.
गाणं बायकोचं होतं,
शेटफळ्याला निघून गेलेली, फोन न उचलणारी,
तिची चप्पल अजून आमच्याच उंबऱ्याशी.
पण बोटं तारांवर अशी दुडदुडत होती
की शेजारची पोरं कंबर हलवायला लागली.
आई म्हणाली, "रडतोय का नाचतोय रं ह्यो?"
"दोन्ही. ती लोकं ह्याला कडू गाणं म्हणत्यात."
"मग कारलं म्हण की. बटाटा कशाला?"

तेवढ्यात तात्या उठून आत गेले.
धडुत्यातून सूर काढला,
भिंतीला पाठ टेकली आणि धरला.

गिटार एकदम खोटी वाटायला लागली.
सिधू थांबला. तात्या थांबेनात.
त्या लाकडाला कुठल्या आल्यात खुंट्या?
भोकं एकदा पाडली ती पाडली.
म्हणजे खाली यायचं ते गिटारीनं.
सिधूनं कान वाकडा केला,
एक खुंटी पिळली, मग दुसरी,
पाव पट्टी, आणखी केसभर,
तारा सैल होत गेल्या आणि त्याचा जबडाही,
जो स्टँडवर उतरल्यापासून आवळलेला होता.

अण्णा खाटेवर, भिंतीकडं तोंड करून.
तसेच म्हणाले,
"तिसरी अजून चढी हाय."

येत्या गुरुवारी करगणीत बारशाची सुपारी आहे.
दीड हजार आणि जेवण.
पहिल्या पंगतीला बसणार, असं मी फोनवरच सांगून टाकलं,
पलीकडचा माणूस जरा वेळ गप्प होता.
अण्णा येतो म्हणालेले नाहीत,
पण सकाळी डबी उघडी दिसली.
आईचं एकच म्हणणं,
खिसणी घासून परत आणायची,
शुक्रवारी आमटीला खोबरं लागतंय.